बोनस कर्जात भरू की एसआयपीत? आधी जूनची फी कुठून येते ते पाहू

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही ३६ वर्षांचे, मिसेस ३४ च्या, मुलगी पहिलीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,५५,०००. तीन वर्षांपूर्वी ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीला टू बीएचके घेतला. ६० लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं, हप्ता ५२ हजार, आज मुद्दल ५६ लाख बाकी. व्याजदर ८.५ वरून ७.५ टक्क्यांवर आलाय आणि बँक विचारतेय, हप्ता कमी करून हवा का. बोनसचे दोन लाख हातात आहेत. ते कर्जात भरावेत की एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, वाढवावी? शिवाय मेहुणे म्हणतायत, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, त्याच्या जवळ उलव्याला छोटा फ्लॅट बुक करून टाका.

आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की हिशेबाने महिन्याला ३१ हजार उरायला हवेत पण उरत काहीच नाही, आणि क्रेडिट कार्डावर ४८ हजार थकलेत.

मला या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करायची आहे. मी आधी बँकेच्या कर्ज विभागात होते, आता ठाण्यातच लोकांच्या घरखर्चाचं आणि गुंतवणुकीचं नियोजन करते. "प्रीपेमेंट (मुदतीआधी कर्ज भरणं) की एसआयपी" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर बिनमहत्त्वाचं असतं. कारण दोन्हींपैकी काहीही ठरवलं तरी ते सहा महिन्यांत मोडतं. जूनमध्ये शाळेची फी येते, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती येतात, एसआयपी "थोडे दिवस" थांबते आणि कार्ड पुढे होतं.

तुमची खर्चाची यादी नीट पाहिली. हप्ता ५२ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स साडेसहा हजार, किराणा-दूध-भाजी २० हजार, वीज-गॅस-मोबाइल-इंटरनेट ६ हजार, कामवाल्या मावशी साडेचार हजार, मुलीची व्हॅन आणि डान्स क्लास मिळून ६ हजार, पेट्रोल-रिक्षा-लोकल ९ हजार, डोंबिवलीला आई-बाबांना १० हजार, एसआयपी १० हजार. बेरीज १ लाख २४ हजार. बेरीज बरोबर आहे, यादी अपुरी आहे. यादीत शाळेची व्हॅन आहे, शाळा नाही. पेट्रोल आहे, गाडीचा विमा नाही. मेडिक्लेम नाही, टर्म इन्शुरन्स नाही, मालमत्ता कर नाही. गणपतीला गावी जाणं नाही, दिवाळी नाही, लग्नांचे आहेर नाहीत. बाहेरचं जेवण तर कुठेच नाही, आणि घोडबंदर रोडवर राहून महिनाभर कोणी बाहेरचं जेवत नाही यावर माझा विश्वास बसणार नाही!

तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून तुमच्यासारख्या घरांत जे दिसतं त्यावरून अंदाज करते. शाळेची फी, पुस्तकं, गणवेश १ लाख १० हजार. गाडी आणि स्कूटरचा विमा, सर्व्हिसिंग २२ हजार. टर्म इन्शुरन्स २८ हजार. आई-बाबांसकट मेडिक्लेम ५५ हजार. मालमत्ता कर ९ हजार. गणपती ३५ हजार, दिवाळी ४० हजार. लग्न-मुंजी-बारशी २५ हजार. बिघडलेला मिक्सर, फुटलेला मोबाइल, कपाटाची दुरुस्ती असलं काहीबाही ३० हजार. एक सहल ६० हजार. एकूण ४ लाख १४ हजार. भागिले बारा केलं की महिन्याला साडेचौतीस हजार.

म्हणजे तुमचे ३१ हजार कुठे हरवलेले नाहीत. ते आधीच खर्च झालेले आहेत, फक्त महिन्याच्या वहीत त्यांची नोंद होत नाही. उलट दरमहा साडेतीन हजारांची तूट आहे, वर्षाची ४२ हजार. कार्डावर ४८ हजार कसे साचले याचं कोडं मला तरी पडत नाही.

मिसेसच्या ऑनलाइन खरेदीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते त्यामुळे मी बाजूला ठेवते. प्रत्येक घरात एकाला दुसऱ्याचा खर्च दिसतो. रविवारी दोघांनी बसून दोघांच्या खात्यांची आणि कार्डाची गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढा आणि फक्त दरमहा न येणारे खर्च वेगळ्या कागदावर उतरवा. माझे आकडे खोडून तुमचे घाला. मेडिक्लेम कंपनीकडून असेल तर आकडा उतरेल, शाळा आयसीएसई किंवा आयबी असेल तर फी माझ्या अंदाजाच्या कितीतरी पुढे जाईल.

मग या खर्चासाठी एक वेगळं बचत खातं काढा. वेगळ्या बँकेत असलं तर उत्तम, आणि त्याचं डेबिट कार्ड पाकिटात ठेवू नका. पगार जमा झाला की दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला त्या वार्षिक रकमेचा बारावा भाग आपोआप तिकडे गेला पाहिजे. फी, विमा, गणपती, दिवाळी, सगळं त्याच खात्यातून. हे खातं म्हणजे बचत नव्हे हे दोघांनी पक्कं लक्षात ठेवायचं. ते पैसे तुमचे नाहीत, शाळेचे आणि विमा कंपनीचे आहेत. काही जण हेच काम भिशीने करतात. पण भिशी कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, आणि शाळा फीसाठी भिशीची वाट बघत नाही.

यात एक अडचण नेहमी येते. खातं आज सुरू केलं आणि दोन महिन्यांत जून आला तर त्यात ६९ हजार असतील आणि फी १ लाख १० हजार. इथेच लोक म्हणतात की ही पद्धत आम्हाला जमली नाही. म्हणून सुरुवातीला थोडी रक्कम आधीच टाकून ठेवावी लागते. तुमचा बोनस त्यासाठी आहे.

आता त्या दोन लाखांचं. पहिले ४८ हजार कार्डावर, पूर्ण, याच आठवड्यात. "मिनिमम ड्यू भरतोय" असं तुम्ही लिहिलंय. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के. साडेसात टक्क्यांच्या गृहकर्जाची चिंता करणाऱ्या माणसाने हे एक दिवसही चालू ठेवू नये. पुढचे ५० हजार त्या वार्षिक खात्यात. उरलेले १ लाख २ हजार तुमच्या ७० हजारांच्या एफडीच्या जोडीला, अडीअडचणीसाठी. कर्जात यंदा शून्य, नव्या एसआयपीतही शून्य. चालू आहे ती दहा हजारांची एसआयपी मात्र अजिबात बंद करायची नाही.

हे ऐकून निराशा होते हे मला माहीत आहे. बोनस हातात आला की कर्जाचा एक लचका तोडावा असं वाटतंच, आणि आकडेही तसेच आहेत. तीन वर्षांत तुम्ही जवळपास पावणेएकोणीस लाख भरले आणि मुद्दल जेमतेम चार लाखांनी उतरलं. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, त्यामुळे लवकर भरलेला पैसा जास्त काम करतो. आज दोन लाख भरले तर साडेसात टक्क्यांनी तुमची मुदत सुमारे ११ महिन्यांनी कमी होईल. म्हणजे जवळपास पावणेसहा लाखांचे हप्ते वाचतील. पण ते वाचतील पंधराव्या वर्षी. मधल्या काळात एखाद्याची नोकरी गेली किंवा बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं तर कर्जात भरलेले दोन लाख बँक परत देत नाही. त्या वेळी पर्सनल लोन घ्यावं लागतं, आणि त्याचा दर गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त असतो.

अडीअडचणीसाठी किती हवेत हे नोकऱ्यांवर ठरतं. तुमचा हप्ता, मेंटेनन्स, वाणसामान, बिलं, प्रवास, आई-बाबांचे पैसे धरून काटकसरीने महिना एक लाखात निघेल. दोघंही वेगवेगळ्या क्षेत्रांत कायम नोकरीला असाल तर तीन लाख पुरेत. दोघंही ऐरोलीच्या एकाच आयटी पार्कात, एकाच प्रकारच्या कंपन्यांत असाल, किंवा एक जण कंत्राटावर असेल, तर सहा लाखांच्या खाली मला झोप लागणार नाही. मिसेस दुसऱ्या बाळंतपणाचा किंवा नोकरीतून काही काळ थांबण्याचा विचार करत असतील तर तेही आत्ताच यात धरा. घर घेताना हातची सगळी शिल्लक डाउन पेमेंट, मुद्रांक शुल्क आणि फर्निचरमध्ये गेली असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यांचं तसंच होतं. ती शिल्लक पुन्हा उभी राहिली की मग कर्जाकडे वळायचं.

आता बँकेचा प्रश्न: हप्ता कमी करायचा का? नाही. इथे माझं मत ठाम आहे. ५६ लाखांवर ८.५ टक्क्यांनी तुमचे २०४ हप्ते उरले होते. दर ७.५ झाला आणि हप्ता ५२ हजारच ठेवला तर साधारण १७९ हप्ते उरतात, म्हणजे तुम्ही बोटही न हलवता दोन वर्षं कमी. हप्ता कमी करून घेतला तर तो ४८,६०० च्या आसपास येईल आणि महिन्याला साडेतीन हजार सुटतील. हे साडेतीन हजार म्हणजे नेमकी तुमची आजची तूट, त्यामुळे मोह होणारच. पण तूट सहलीतून भरा. ६० हजारांची सहल दोन वर्षं २० हजारांची करा, ४० हजार तिथेच निघाले. माथेरान, हरिहरेश्वर काही वाईट नाहीत. बाहेरच्या जेवणाचा आकडा मात्र मला माहीत नाही, तो तुम्हालाच आणखी कुठेतरी बसवावा लागेल.

दर उतरतो तसा चढतोही, हे मनात असू द्या. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. त्याच्या जरा आधी ६.७ टक्क्यांनी ६० लाख घेतलेल्यांचा हप्ता साडेपंचेचाळीस हजारांच्या आत होता. दर ९.२ झाल्यावर नुसतं व्याजच जवळपास तेवढं होऊ लागलं. हप्ता तोच राहिला, मुद्दल हलेना, आणि मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली. अनेकांना ते स्टेटमेंट पाहीपर्यंत कळलंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला दिलाच पाहिजे. तुम्हाला आज आलेली विचारणा त्याच धर्तीची आहे.

तुमच्या दराबद्दल एक बारीक शंका आहे. २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून ५.२५ वर आला, म्हणजे सव्वा टक्का. तुमचा दर एकच टक्का उतरलाय. कर्ज बँकेचं आणि रेपोला जोडलेलं असेल तर निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो, तेव्हा उरलेला पाव टक्का पुढच्या तारखेला आला की नाही ते बघा. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तिचा दर तिच्या स्वतःच्या पायाभूत दरावर चालतो आणि रेपोची कपात तितकीच मिळेल असं नाही. अशा वेळी नव्या ग्राहकाला काय दर देता असं विचारायचं आणि थोडं शुल्क भरून दर उतरवून मागायचा. ते ऐकत नसतील तर कर्ज बँकेकडे हलवण्याचा हिशेब मांडायचा. पन्नास-साठ लाखांच्या थकबाकीवर अर्ध्या टक्क्याचाही फरक मोठा असतो.

प्रीपेमेंट की एसआयपी, हे पुढच्या वर्षासाठी. मी याकडे परताव्याच्या टक्क्यांवरून आधी बघत नाही, मुलीच्या वयावरून बघते. ती बारावी होईल साधारण बारा वर्षांनी. तुमचं कर्ज आजच्या गतीने पंधरा वर्षं चालेल. म्हणजे कॉलेजची फी आणि घराचा हप्ता तीन वर्षं एकत्र येतात, आणि तुम्ही तेव्हा अठ्ठेचाळीस-पन्नाशीत असाल. कर्ज बारा वर्षांत संपवणं हे माझ्या मते तुमचं लक्ष्य असावं. त्यासाठी हप्ता ५२ हजारांऐवजी ५९ हजार लागेल, सात हजार जास्त. आज ते जमणार नाही. पण पुढच्या दोन पगारवाढींत, दोघांच्या वाढीतला निम्मा भाग हप्त्याला आणि निम्मा घराला असं ठरवलंत तर ते जड जाऊ नये. वाढलेला पगार खर्चाच्या सवयीत मुरण्याआधी हप्ता वाढवायचा, इतकंच. नुसते पाच हजार वाढवले तरी मुदत सव्वादोन वर्षांनी कमी होते.

एसआयपी मुलीच्या शिक्षणाच्या नावावर चालू ठेवा. दहा हजार दरमहा बारा वर्षं गेले तर वर्षाला ६ टक्क्यांनी २१ लाख होतात, ८ टक्क्यांनी २४ लाख, १० टक्क्यांनी साडेसत्तावीस. कोणता आकडा येईल हे मला सांगता येत नाही आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यापासून लांब राहा. कर्जात भरलेल्या रुपयावर साडेसात टक्के नक्की सुटतात, एसआयपीत कदाचित जास्त मिळतील. ज्याला बाजार पडलेला पाहून घाम फुटतो त्याने कर्जाकडे झुकावं. गेल्या मंदीत तुम्ही एसआयपी थांबवली होती का? याचं उत्तर स्वतःला खरं द्या, मग प्रमाण ठरवा. पीपीएफला ७.१ टक्के करमुक्त मिळतात, म्हणजे तुमच्या कर्जाच्या जवळपास, पण मुदत पंधरा वर्षांची असते. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीत ८.२ टक्के आहेत, वर्षाला काही हजार तिथे टाकायला माझी हरकत नाही.

"कर वाचतो म्हणून कर्ज ठेवावं" असं ऑफिसात कोणीतरी सांगेलच. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजावर सवलतच नाही, विषय संपला. जुन्या प्रणालीत ती वर्षाला दोन लाखांपर्यंत, आणि दोघं सहमालक व सहकर्जदार असाल तर प्रत्येकी दोन लाख. तुमचं वर्षाचं व्याज आज सुमारे चार लाख वीस हजार आहे, त्यामुळे एकट्याच्या नावावर असेल तर निम्म्याहून जास्त व्याजावर तसाही फायदा मिळत नाही. वरचे काही लाख फेडल्याने कर वाढणार नाही.

उलव्याचं एका परिच्छेदात संपवते. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, पण त्याचा भाव त्या पट्ट्यात कित्येक वर्षांपासूनच लावला जातोय. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलात तर बहुतेक वेळा पाच टक्के जीएसटी, वर सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क, ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, आणि मिळाल्यावर जे भाडं येतं ते हप्त्याच्या आसपासही जात नाही. तुमच्याकडे आज तीन महिन्यांचा खर्च बाजूला नाही. मेहुण्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

विम्याचंही बघून घ्या. तुमच्या नावाचा टर्म इन्शुरन्स निदान कर्जाची बाकी अधिक काही वर्षांचा घरखर्च एवढा हवा. मिसेसचा पगार हप्त्याला लागतोय, म्हणून त्यांच्या नावाचाही हवा. कर्जासोबत बँकेने एकरकमी हप्त्याची पॉलिसी गळ्यात घातली असेल तर ती काढून पाहा. तिचं कवच बहुधा दरवर्षी कमी होत जातं आणि ते घराला पुरत नाही.

पुढच्या वर्षी बोनस आला, कार्ड शून्यावर आहे, वार्षिक खातं दिवाळीनंतरही रिकामं झालेलं नाही आणि तीन लाख बाजूला आहेत, असं असेल तर त्यातले लाख-सव्वा लाख खुशाल कर्जात भरा. तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड लावता येत नाही, कोणी मागितला तर लेखी मागा. अर्जावर "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असं स्पष्ट लिहा, नाहीतर काही ठिकाणी हप्ताच कमी केला जातो आणि तुमच्या ते सहा महिन्यांनी लक्षात येतं. शिक्का मारलेली पोच घ्या आणि आठवड्याने नवा परतफेडीचा तक्ता मागवा. त्यातली शेवटच्या हप्त्याची तारीख जुन्या तक्त्याशी ताडून पाहा. ती अलीकडे आलेली नसेल तर त्याच दिवशी शाखेत जा.